माहेरचा कायदा, सासरचा पासपोर्ट



यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. रात्रीचे साडेदहा वाजून गेले असतील. इंग्लंडहून फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकली, पुढं शिक्षणासाठी बाहेर गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथंच स्थायिक झालेल्या एका इराणी मुलाशी तिचा निकाह झाला. आता पदरात साडेतीन वर्षांचा मुलगा आहे.

"टीचर, दुआ करा," ती म्हणाली. "शिराजला सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण म्हातारं माणूस. नातवाला त्यांनी अजून मोबाइलवरच बघितलंय. नौरोजच्या सुमारास आम्ही तिघं जाऊन यावं म्हणतो."

मी विचारलं, "अम्मीला सांगितलंस?"

"नाही अजून. ती उगीच घाबरेल. आणि घाबरायचं काय त्यात? आमचे तिघांचे पासपोर्ट ब्रिटिश आहेत."

हे वाक्य ऐकून मी लाल पेन खाली ठेवला. म्हटलं, "बेटा, पासपोर्ट जवळ असेल तर घेऊन ये. मागच्या पानांवर बारीक अक्षरांत सूचना असतील. त्यातली दुहेरी नागरिकत्वाची सूचना मला वाचून दाखव."

तिनं वाचली. मतलब असा, की जो ब्रिटिश नागरिक दुसऱ्याही एखाद्या देशाचा नागरिक आहे, त्याचं त्या दुसऱ्या देशाच्या सरकारपासून रक्षण ब्रिटनचे प्रतिनिधी करू शकत नाहीत. वाचून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण टीचर, मी कुठं इराणी आहे? मी तर रत्नागिरीची!"

इथंच तर सगळी मेख आहे. त्या रात्री आम्ही तासभर बोललो, पुढंही दोन-तीन वेळा बोलणं झालं. तिच्या परवानगीनं, नाव न घेता, त्यातलं बरंचसं आज इथं लिहिते आहे. आपल्या कोकणातली कितीतरी घरं केपटाऊनपासून लंडनपर्यंत पसरलेली आहेत. नात्यागोत्यात कुठं इराणी जावई, कुठं मिस्री सून येऊ लागली आहे.

आधी नाझनीन झगारी-रॅटक्लिफची हकीकत. हे नाव काहींनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. तेहरानची मुलगी. इंग्रजी साहित्य शिकली, काही काळ इंग्रजीची शिक्षिका होती, त्यामुळं मला ती जरा जास्तच जवळची वाटते. डिसेंबर २००३ मध्ये बाम शहरात भीषण भूकंप झाला, त्यानंतर मदतीला आलेल्या परदेशी लोकांसाठी तिनं भाषांतराचं काम केलं. २००७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेली. तिथं रिचर्ड रॅटक्लिफशी ओळख झाली, २००९ मध्ये लग्न, पुढं ब्रिटिश नागरिकत्व आणि २०१४ मध्ये मुलगी, गॅब्रिएला. नोकरी थॉमसन रॉयटर्स फाउंडेशन या संस्थेत.

१७ मार्च २०१६ रोजी नाझनीन लेकीला घेऊन तेहरानला गेली. इराणी माणसाचं नवं वर्ष, म्हणजे नौरोज, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतं. आपल्याकडे लेक ईदला माहेरी येते, तसंच ते. आई-वडिलांबरोबर दोन आठवडे काढले. परतीचं विमान ३ एप्रिलचं होतं. विमानतळावर रिव्होल्युशनरी गार्ड्सच्या माणसांनी तिला बाजूला घेतलं. मुलगी त्या वेळी २२ महिन्यांची होती. तिचा ब्रिटिश पासपोर्ट काढून घेतला आणि तिला नाना-नानीच्या हवाली केलं. नाझनीनला राजधानीपासून खूप दूर केरमानला नेऊन एकांतकोठडीत ठेवलं. माहेरची माणसं त्याच देशात होती आणि तरीही मुलगी कुठं आहे हे त्यांना सुरुवातीला कळत नव्हतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. आरोप काय, तर सरकार उलथवण्याचा कट. ती म्हणत होती, मी सुट्टीवर आई-वडिलांना भेटायला आले होते. संस्था म्हणत होती, इराणमध्ये आमचं कामच नाही. ब्रिटिश वकिलातीनं भेटीची परवानगी मागितली. उत्तर एकच: ही आमची नागरिक आहे, तुमचा संबंध काय? रिचर्ड व्हिसासाठी अर्ज करत राहिला. त्याला व्हिसा मिळाला नाही.

मग एक असा प्रकार घडला की वाचताना आजही कपाळावर हात जातो. १ नोव्हेंबर २०१७ रोजी ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन संसदेच्या समितीपुढं बोलताना सांगून बसले, की ती बाई तिथं लोकांना पत्रकारिता शिकवत होती एवढंच. हे खरं नव्हतं. तीन दिवसांनी तेहरानमध्ये तिला पुन्हा न्यायाधीशापुढं उभं केलं आणि मंत्र्यांचं तेच वाक्य पुरावा म्हणून पुढं आलं. आम्ही वर्गात मुलांना सांगतो, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, मनाचं लिहू नका. मुलाचे त्यात फार तर दोन गुण जातात.

गॅब्रिएला तेहरानमध्ये मोठी होत होती. नानीकडं राहायची, आईला भेटायला एविन तुरुंगात जायची. फारसी शिकली आणि इंग्रजी जवळजवळ विसरली. म्हणजे फोनवर बापाशी बोलायला मुलीकडे शब्द राहिले नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये शाळेचं वय झालं म्हणून तिला लंडनला बापाकडे पाठवलं. पाच वर्षांची मुलगी विमानात बसली, आई मागं राहिली. मी दोन मुलांची आई आहे. या एका दिवसाबद्दल मला फार लिहवत नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं तिला तात्पुरतं सोडलं. आई-वडिलांच्या घरी राहायचं, पायात इलेक्ट्रॉनिक कडं, घरापासून ३०० मीटरच्या पुढं जायचं नाही. मार्च २०२१ मध्ये शिक्षा संपली, कडं निघालं आणि लगेच दुसरा खटला उभा राहिला. एप्रिलमध्ये आणखी एक वर्षाची शिक्षा आणि त्यावर एक वर्षाची प्रवासबंदी. त्या वर्षाच्या अखेरीस रिचर्डनं लंडनमध्ये आपल्याच परराष्ट्र खात्याच्या दारात २१ दिवस उपोषण केलं.

ती सुटली १६ मार्च २०२२ रोजी. कशी सुटली, हे नीट ऐका. १९७० च्या दशकात इराणच्या शहानं ब्रिटनकडून चिफ्टन रणगाडे विकत घेतले होते आणि पैसे आधीच मोजले होते. १९७९ मध्ये क्रांती झाली. ब्रिटननं उरलेले रणगाडे दिले नाहीत आणि पैसेही परत केले नाहीत. नाझनीनचा तेव्हा नुकता जन्म झाला होता. लवादाचा निकाल इराणच्या बाजूनं लागूनही ती रक्कम वर्षानुवर्षं अडकून होती. मार्च २०२२ मध्ये ब्रिटननं सुमारे ३९ कोटी ४० लाख पौंड चुकते केले आणि त्याच सुमारास नाझनीन विमानात बसली. अधिकृत भाषेत या दोन गोष्टी "समांतर" होत्या. १७ मार्चच्या पहाटे ती इंग्लंडला पोहोचली. घरातून निघाली त्याला बरोबर सहा वर्षं झाली होती. या काळात ब्रिटनचे पाच परराष्ट्रमंत्री झाले. परतल्यावर पत्रकारांसमोर तिनंच ते मोजून दाखवलं.

देणं दोन सरकारांचं, आणि त्यासाठी गहाण पडली ती माहेरी आलेली एक मुलगी. त्यात ब्रिटन साळसूद होता असं माझं मुळीच म्हणणं नाही. दुसऱ्याचे पैसे घेऊन चाळीस-चाळीस वर्षं बसायचं आणि मग नीतीचे पाठ द्यायचे! पण सावकार आणि कर्जदार दोघंही खोटे असले तरी गहाण वस्तू निर्दोषच असते.

तिच्याबरोबर त्याच विमानानं अनूशे अशूरी नावाचे निवृत्त इंजिनिअर परतले. ते ऑगस्ट २०१७ मध्ये तेहरानला कशासाठी गेले होते? म्हाताऱ्या आईला बघायला. मुराद तहबाझ यांच्याकडे तर इराणी, ब्रिटिश आणि अमेरिकन अशी तीन नागरिकत्वं होती, जन्मच लंडनचा. ते मागं राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेशी सौदा झाला तेव्हा सुटले. आणि अलीरेझा अकबरी या ब्रिटिश-इराणी गृहस्थांना जानेवारी २०२३ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून फाशी दिली गेली.

आता कायदा. रूक्ष आहे, पण समजून घ्या.

परदेशात कुणा माणसाला अटक झाली तर त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवायचं आणि भेटू द्यायचं, असा १९६३ चा व्हिएन्ना करार आहे. पण तो परदेशी माणसासाठी. सरकारनं म्हटलं की हा परदेशी नाहीच, आमचाच आहे, की तो दरवाजा बंद. त्याहून जुना १९३० चा हेगचा करार सांगतो, की एखाद्या माणसाकडे दोन देशांचं नागरिकत्व असेल तर एक देश दुसऱ्या देशाविरुद्ध त्याला राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. २०१९ मध्ये ब्रिटननं नाझनीनला असं संरक्षण जाहीर केलं होतं. ब्रिटन हे पाऊल फार क्वचित उचलतो. लंडनमधल्या इराणी राजदूतानं ते तिथल्या तिथं धुडकावलं: इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून ती फक्त इराणी.

"मानत नाही" या शब्दांनी पुष्कळ लोक फसतात. त्यांना वाटतं, मानत नाही म्हणजे दुसरा पासपोर्ट घेतला की पहिलं नागरिकत्व आपोआप गेलं. आपल्या भारताचा कायदा तसाच आहे. इराणमध्ये नेमकं उलटं आहे. तिथं पहिलं नागरिकत्व जात नाही, दुसरं हिशेबात धरत नाहीत. सोडायचं म्हटलं तर वय २५ पूर्ण हवं, मंत्रिमंडळाची परवानगी हवी, आणखीही अटी आहेत. देशात यायचं तर इराणी पासपोर्टवर, जायचं तर इराणी पासपोर्टवर.

आणि आता आमच्या रत्नागिरीच्या मुलीचा प्रश्न. इराणच्या दिवाणी कायद्याचं ९७६ वं कलम कोण कोण इराणी, हे सांगतं. बाप इराणी असेल तर मूल जगात कुठंही जन्मलं तरी इराणी. आणि इराणी पुरुषाशी लग्न करणारी परदेशी बाईही इराणी. तिनं अर्ज करावा, शपथ घ्यावी, असं काही नाही. निकाहाबरोबर नागरिकत्व येतं, मेहरसारखं मागावंसुद्धा लागत नाही! कागद तयार व्हायचे तर निकाहाची नोंद त्यांच्या दप्तरात लागते, ती यांनी केलेली होती. मुलाचं शनासनामा, म्हणजे तिथलं ओळखपत्र, तेही नवऱ्यानं हौसेनं काढून घेतलं होतं. दादा-दादीला आनंद झाला होता.

म्हणजे शिराजच्या विमानतळावर ही तिघं उतरली की ब्रिटिश पासपोर्ट पर्समध्ये, आणि समोरच्या अधिकाऱ्याच्या नजरेत तीन इराणी. शिवाय तिथल्या कायद्यात विवाहित बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी संमती लागते. आमचा जावई भला माणूस आहे, त्याच्याकडून धोका नाही. पण उद्या त्यालाच आत घेतलं तर? सही कोण करणार? हा प्रश्न मी विचारला तेव्हा ती म्हणाली, "टीचर, हे आम्हांला सुचलंच नाही."

अमेरिकन बेटी महमूदीचं "नॉट विदाउट माय डॉटर" मराठीत आलं तेव्हा आपल्याकडे ते खूप वाचलं गेलं. मला ते पुस्तक आवडलं नव्हतं. त्यात सगळे इराणी राक्षस वाटतात, आणि मी पाहिलेली इराणी माणसं फार मायाळू आहेत. पण १९८४ मध्ये ती बाई तिथं अडकली त्याचं एक कारण हेच होतं, की लग्नामुळं ती तिथल्या कायद्यानं इराणी ठरली होती. नवरा चांगला असो की वाईट, कलम तेच राहतं.

कुणी म्हणेल, मुस्लिम देशांनाच का धरलं? तसं नाही. रशिया बघा. अल्सू कुर्माशेवा ही कझानची तातार मुलगी, म्हणजे शतकानुशतकं मुसलमान असलेल्या समाजातली. प्रागमध्ये रेडिओवर तातार भाषेत काम करायची. नवरा आणि दोन मुली तिथंच. तिच्याकडे अमेरिकन आणि रशियन असे दोन्ही पासपोर्ट. मे २०२३ मध्ये आजारी आईला बघायला कझानला गेली. २ जूनला परतताना विमानतळावर अडवलं, दोन्ही पासपोर्ट काढून घेतले. पहिला गुन्हा काय, तर अमेरिकन नागरिकत्वाची नोंद सरकारकडे केली नाही. दंड १०,००० रूबल. वाटलं, दंड भरून सुटेल. ऑक्टोबरमध्ये पुन्हा अटक, नवे आरोप, आणि १९ जुलै २०२४ रोजी बंद दाराआड साडेसहा वर्षांची शिक्षा.

त्याच दिवशी दुसऱ्या एका शहरात इव्हान गेर्शकोविच या पत्रकारालाही शिक्षा झाली. तो फक्त अमेरिकन नागरिक. त्याला पकडल्यावर दोन आठवड्यांच्या आत अमेरिकेनं ही अटक अन्यायाची आहे असं अधिकृतपणे जाहीर केलं, म्हणजे सुटकेसाठी सगळी यंत्रणा कामाला लागली. अल्सूसाठी तिचा नवरा आणि मुली तोच शिक्का महिनोन्‌महिने मागत राहिल्या. अमेरिकन वकिलातीला तिला भेटूही दिलं नाही, कारण रशियाच्या हिशेबी ती रशियन. १ ऑगस्ट २०२४ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत दोघंही सुटले, हे अल्लाहचे आभार. पण दुसरा पासपोर्ट असला की आपलीच सरकारंसुद्धा हात जरा आखडता घेतात, हे त्यातून कळलं.

सौदी अरेबियाचं उदाहरण मुद्दाम सांगते, कारण तिथं आपलं मन सगळ्यात निर्धास्त असतं. साद अल-मादी हे सौदी-अमेरिकन गृहस्थ, फ्लोरिडात राहणारे, सत्तरी ओलांडलेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये नातेवाइकांना भेटायला रियाधला उतरले आणि विमानतळावरच अटक झाली. कारण अमेरिकेत बसून काही वर्षांत लिहिलेले १४ ट्वीट. आधी १६ वर्षांची शिक्षा, अपिलात ती कमी होण्याऐवजी १९ वर्षं. मार्च २०२३ मध्ये तुरुंगातून सोडलं, पण देश सोडू दिला नाही. घरी पोहोचले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये. उमऱ्याला जाणाऱ्या आपल्या लोकांकडे सौदी नागरिकत्व नसतं, तेव्हा हा पेच त्यांचा नाही. फोनवर काय काय लिहून ठेवलंय, ते मात्र कुणीही तपासू शकतं.

मिस्रमध्ये आणखी वेगळी तऱ्हा. तिथं मोहम्मद सुलतान या अमेरिकन-मिस्री तरुणाला २०१५ मध्ये सोडलं, पण मिस्री नागरिकत्व सोडल्याच्या बोलीवर. बापजाद्यांची जमीन सोड, मग घरी जा. मुस्तफा कासिम हे न्यूयॉर्कचे गृहस्थ २०१३ मध्ये कुटुंबाला भेटायला कैरोला गेले होते. ऑगस्टमध्ये पकडले गेले. तुरुंगात उपोषण करत जानेवारी २०२० मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

माझी विद्यार्थिनी एकदा म्हणाली, "मग भारतात यायलाही भ्यायचं का?" तर नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतला त्या दिवशी तिचं भारतीय नागरिकत्व संपलं. तिच्याकडे आहे ते ओसीआय कार्ड. त्याच्या नावात "सिटिझन" आहे म्हणून आपल्याकडे भले भले लोक त्याला नागरिकत्व समजतात. तो आजन्म व्हिसा आहे, मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही, आणि सरकार तो रद्दही करू शकतं. गंमत अशी, की रत्नागिरीत तिला काही झालं तर ब्रिटिश वकिलात हक्कानं येऊ शकते, कारण जिथं ती जन्मली तिथं ती कायद्यानं परकी आहे. आणि जिथं तिनं अजून पाऊलही टाकलं नाही, तिथं ती घरची.

दोन नागरिकत्वांचा काच फक्त हुकूमशाहीतच बसतो असंही नाही. शमीमा बेगम ही लंडनमध्ये जन्मलेली मुलगी १५ व्या वर्षी सीरियाला पळून गेली. फार मोठी चूक केली. २०१९ मध्ये ब्रिटननं तिचं नागरिकत्व काढून घेतलं, आधार हा की आई-वडिलांमुळं ती बांगलादेशी ठरते. बांगलादेश म्हणाला, आमची नाहीच. जिचं एकच नागरिकत्व आहे तिचं काढता येत नाही. जिचं दुसरं आहे, किंवा असू शकेल, तिचं काढता येतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊक असलेलं बरं.

पण मग आजारी सासूला भेटायला जायचं नाही? हाच प्रश्न नवऱ्यानं तिला रागानं विचारला. त्याचंही चूक नव्हतं. सिल-ए-रहमी, नाती जोडून ठेवणं, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. "माझा मामेभाऊ दर वर्षी जाऊन येतो, त्याला काय झालंय?" असंही तो म्हणाला. खरं आहे. जाणाऱ्यांतले बहुतेक सुखरूप परत येतात. नाझनीनही त्याआधी जाऊन आली होती. कुणाला धरायचं याला नियम असता तर सावध राहता आलं असतं. ब्रिटनचं परराष्ट्र खातं तर उघड सांगतं, की इराणला जाऊच नका; ब्रिटिश पासपोर्ट किंवा ब्रिटनशी संबंध एवढंच कारण अटकेला पुरतं. त्या सल्ल्याविरुद्ध गेलं तर प्रवासाचा विमाही लागू होत नाही.

मी तिला जा किंवा जाऊ नको, यातलं काही सांगितलं नाही. तो अधिकार माझा नाही. एवढंच विचारलं, की जायचंच असेल तर तिघांनी एकाच वेळी का? मुलाला कुणाच्या भरवशावर मागं ठेवता येईल? इथं आणि तिथं कोणत्या वकिलाचा नंबर जवळ आहे? नवऱ्यानं २०२२ मध्ये, महसा अमिनी त्यांच्या पोलिसांच्या ताब्यात वारली तेव्हा, काय काय लिहिलं होतं? तो मुलगा मोठा होईल तेव्हा १८ व्या वर्षानंतर तिथल्या सक्तीच्या लष्करी सेवेचं काय? आणि शेवटचा प्रश्न: सासूबाईंना हलवता येईल का?

हा शेवटचा प्रश्न उपयोगी पडला. इराणी माणसाला तुर्कस्तानला जायला व्हिसा लागत नाही. एप्रिलच्या शेवटी धाकट्या दिरानं सासूबाईंना चाकांच्या खुर्चीवर बसवून इस्तंबूलला आणलं. इकडून ही तिघं गेली. आठ दिवस भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. खर्च दुपटीहून जास्त झाला, सासूबाईंच्या खुब्याला प्रवास सोसला नाही, दोन दिवस त्या झोपूनच होत्या. नातू पहिल्या दिवशी जवळ गेला नाही. तिसऱ्या दिवसापासून खुर्ची ढकलायचं काम फक्त त्याचं.

वसंतात शिराजभर कडू नारिंगाची झाडं फुलतात. सासूबाईंनी अंगणातल्या झाडाची फुलं सुकवून कापडी पिशवीत आणली होती. घर नाही तर घराचा वास तरी पोराला कळू दे, म्हणाल्या. पोरानं नाक खुपसलं आणि शिंकला. निरोप घेताना त्यांनी सुनेला एकच विचारलं, घर बघायला कधी येणार? तिनं इन्शाअल्लाह म्हटलं.

जूनमध्ये युद्ध सुरू झालं, इंटरनेट बंद पडलं, शिराजशी कित्येक दिवस संपर्क तुटला. त्या दिवसांत नवरा एकदा म्हणाला, बरं झालं आपण मार्चमध्ये गेलो नाही, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, अम्मीला आपण तिकडं एकटं परत पाठवायला नको होतं. परवा मी फोन केला तेव्हा सासूबाई काठीनं चालू लागल्याचं कळलं. ती फुलं चहात टाकतात म्हणे. हिनं ती काचेच्या बरणीत भरून ठेवली आहेत, अजून वापरायला काढलेली नाहीत.